आखाजीचं मूळ

आमच्या खानदेशात मूळ हा शब्द झाडाला लावतात त्याहून जास्त माणसाला लावतात. लग्न झालेल्या मुलीला सासरहून माहेरी न्यायला जो येतो तो मूळ. मूळ पाठवलं, मूळ आलं, मूळ परत गेलं, असं बायका बोलायच्या. चैत्र सरत आला, आखाजी पंधरा दिवसांवर आली, की आमच्या गल्लीतल्या सुना पाण्याच्या हंड्याबरोबर एकच प्रश्न या दारातून त्या दारात नेत: तुझं मूळ आलं का? जिचं आलं ती दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून, मागे वळून न बघता निघून जाई. जिचं आलं नाही ती हंडा जरा हळू भरी. आखाजी म्हणजे बाकीच्या लोकांची अक्षय्य तृतीया. पण त्यांच्याकडे ती एक तिथी असते, आमच्याकडे तो लेकींचा सण. त्या दिवसांत सासुरवाशीण माहेरच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसते आणि तिला कुणी ऊठ म्हणत नाही.

मी हा शब्द दुसऱ्याच वाटेने शिकले. धुळ्याला मडमांच्या इंग्रजी शाळेत होते, तिथल्याच बोर्डिंगात राहायची आणि जळगावच्या घरी यायची ती फक्त सुट्यांना, चाळीसगावला गाडी बदलून. मला आणायला नाना येत. नाना म्हणजे माझे वडील. मोजणी खात्यात नकाशे काढायचे. पांझरेच्या काठच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी वाढले, आणि त्या घरातून नोकरीत शिरलेले ते पहिले. अगदी सुरुवातीला साहेबापुढे त्यांच्या तोंडून ‘आहे’च्या जागी ‘शे’ गेलं आणि सगळी कचेरी हसली, ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाही, आईने सांगितली. तेव्हापासून घरात अहिराणी बंद. आम्ही भावंडं पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचो, आणि मला तर त्यांनी त्याच्याही पुढे, इंग्रजीत नेऊन ठेवलं होतं. सुटीत घरी आले की पहिले दोन-तीन दिवस मी पाहुणीसारखी वावरायची, तांब्या कुठे ठेवायचा तेही विचारायची. बोलण्यापेक्षा बघणं मला सोपं जायचं. ते तसंच राहिलं. आज या वयातही लोक माझ्याबद्दल ‘बाई मोजकं बोलतात’ असं कौतुकाने म्हणतात, तेव्हा मी गप्प बसते. त्या गप्प बसण्याची एकदा काय किंमत पडली ते त्यांना ठाऊक नसतं.

वहिनी पिंपळनेरची. साक्रीच्याही पलीकडे, जिथून पुढे डोंगर आणि रान सुरू होतं तिथली. दादा भुसावळला नोकरीला होता, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. उरलेला आठवडा वहिनी त्या घरात जवळजवळ माझ्याइतकीच उपरी होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि मूल दहा दिवसांत गेलं. आमच्याकडचं कुणीतरी बोललं की तिकडच्यांनी डॉक्टर वेळेवर आणला नाही. तिकडचं कुणीतरी बोललं की पोर पाठवली तेव्हाच तिच्या अंगात रक्त नव्हतं. नक्की कोण काय बोललं ते मला कधीच कळलं नाही. पण नानांनी सांगून टाकलं की यापुढे सून न्यायची असेल तर तिच्या भावाने स्वतः यावं. सांगकाम्याबरोबर आमच्या घरची सून जाणार नाही. तिकडच्यांनाही मान होता. दोन आखाज्या आल्या आणि गेल्या, मूळ आलं नाही.

ती तिसरी आखाजी. उन्हाळ्याची सुटी लागली तेव्हा गणिताच्या मिसनी मला पन्नास उदाहरणं दिली होती, सगळी वर्गमुळांच्या समीकरणांची. मधल्या खोलीच्या खिडकीखाली मी पाट उलटा करून त्यावर वही ठेवायची. सकाळी जिनिंगचा भोंगा व्हायचा, मग यावलकडून केळी घेऊन स्टेशनाकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग लागायची आणि चाकांच्या करकरीबरोबर केळीच्या ओल्या पानांचा वास खिडकीतून आत यायचा. स्वयंपाकघरातून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापल्याचा आवाज, वर ठेच्याचा ठसका. दुपारी आई आडवी झाली की वहिनी माझ्याजवळ येऊन बसायची आणि दबक्या आवाजात अहिराणीत बोलायची. दिवसभर दाबून धरलेलं बोलणं त्या तासाभरात बाहेर पडायचं. बहुतेक वेळा तिच्या भावाबद्दल. माझा भाऊ मला खांद्यावर बसवून पांझरेचा उगम दाखवायला घेऊन गेला होता. माझा भाऊ रानातून चारोळ्या आणायचा आणि दगडावर फोडून एकेक दाणा माझ्या तळहातावर ठेवायचा. आखाजीला झोका बांधायला माझा भाऊ चिंचेच्या इतक्या उंच फांदीवर चढायचा की माय खाली डोळे मिटून उभी राहायची, आणि दुपारी जेवायला हाका मारमारून तीच मला झोक्यावरून उतरवायची. मी ऐकायची. मनात चित्र काढायची ते तिचा भाऊ भास्कर याचं. लग्नात मी त्याला एकदाच पाहिलं होतं, काळी टोपी घातलेला, मिशा नुकत्या फुटू लागलेला.

आज लिहिताना हात थांबतो. भास्कर वहिनीहून दोन वर्षांनी लहान होता. लहान भाऊ थोरल्या बहिणीला खांद्यावर कसा बसवेल? पन्नास उदाहरणं अचूक सोडवणाऱ्या मुलीला हा हिशेब एकदाही सुचला नाही.

एका दुपारी वहिनीने वहीत डोकावून विचारलं, “काय करी राह्यनी?”

मी म्हटलं, मूळ काढतेय.

ती तोंडाला पदर लावून हसली. “मूय कोनी काढस का? मूय त येस.”

मग मी तिला समोरचं उदाहरण समजावून सांगितलं. तिला अक्षरओळख होती, आकडे चांगले यायचे, आणि समजावून सांगताना माझी भीड जायची. एका बाजूला क्ष अधिक सात यांचं वर्गमूळ, दुसऱ्या बाजूला क्ष उणे पाच. वर्गमुळाचं चिन्ह घालवायचं तर दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा. त्यातून वर्गसमीकरण होतं, त्याचे अवयव पाडले की क्षच्या दोन किमती मिळतात, नऊ आणि दोन. पण त्यातली एक खोटी असते. नऊ घालून पाहिले तर सोळाचं वर्गमूळ चार, आणि नऊ उणे पाच चार. जुळलं. दोन घातले तर एकीकडे नवाचं वर्गमूळ तीन येतं, आणि दुसरीकडे उणे तीन. वहिनीने विचारलं, मग हा दोन आला कुठून, तू तर काही चुकली नाहीस. मी सांगितलं की वर्ग केला की तीनचेही नऊ होतात आणि उणे तीनचेही नऊच होतात. उणेपणा पुसला जातो, आणि तेवढ्या फटीतून हा आत शिरतो.

“दोन्ही सारखा दिसतस, म्हनीसन दोन्हीस्ले घरमा लिधं,” ती म्हणाली. “मंग खरा कोनता ते कसं समजस?”

मी म्हटलं, घरात घेतलं दोघांना, तरी खरा ओळखायला पहिल्या ओळीकडे परत जायचं. वर्ग करायच्या आधीची ओळ. वर्ग केलेल्या ओळीला विचारून उपयोग नाही, ती दोघांनाही हो म्हणते. मिस त्या खोट्या मुळाला एक्स्ट्रेनिअस म्हणायच्या. नानांच्या कोशात त्याचा अर्थ बाहेरचा, परका असा दिला होता. वहिनीला तो शब्द म्हणता येईना. म्हणाली, उपरा म्हण की सरळ. मग वहीकडे बघून म्हणाली, म्हणजे जिचं मूळ आलं आहे तिलाच जाऊन विचारायचं, एवढाच ना तुझा कायदा? मी तिला दुरुस्त केलं. म्हटलं, मुलीला नाही वहिनी, समीकरणाला. ती पुन्हा हसली आणि उठून चुलीकडे गेली.

त्याच आठवड्यात भास्करचं पत्र आलं. पिंपळनेरच्या मास्तरांच्या सुरेख अक्षरात होतं, पण खाली सही त्याची. या आखाजीला मी स्वतः बहिणीस न्यावयास येत आहे, महिनाभर पाठवावी, आईने फार ध्यास घेतला आहे. नानांनी पत्र दोनदा वाचलं आणि ‘येऊ द्या’ एवढंच म्हणाले. वहिनीने मान खाली घालून ऐकलं. नंतर मी पाहिलं, ती मोरीत भांडी घासत होती आणि तिचा हात एकाच तांब्यावर फिरत होता, तांब्या लखलखायला लागला तरी. त्यानंतरचे दिवस ती घरात चालायची नाही, तरंगायची. पेटी तीनदा भरली, तीनदा उपसली. मायसाठी म्हणून जळगावच्या बाजारातून हिरव्या बांगड्या आणवल्या, त्या कापसात गुंडाळून ठेवल्या. कामात असताना झोक्याची गाणी गुणगुणायला लागली, अहिराणीतली. एकदा नाना ओट्यावर होते तरी तिचं भान गेलं. नानांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

आखाजीला पाच दिवस होते. शेजारच्या घरी बिबड्या घालायच्या होत्या. ज्वारीचं पीठ शिजवून त्याचे पातळ पापड थापून वाळवायचे, हे काम एका घरचं नसतं, सगळ्या गल्लीच्या बायका लागतात. आई आणि वहिनी सकाळीच त्यांच्या मागच्या गच्चीवर गेल्या. नाना कचेरीत होते. मी सदतिसाव्या उदाहरणावर होते.

दारात कुणीतरी खाकरलं. बाहेर आले तर पायरीच्या खाली एक माणूस उभा होता. पन्नाशीचा असेल. काळा, काटक, डोक्याला विटका फेटा, पाय अनवाणी आणि गुडघ्यापर्यंत धुळीने पांढरे. काखेत कापडाचं गाठोडं. पायरीवर पाय न ठेवता त्याने विचारलं, “मनी बहीन आठेच शे ना? मी तिना भाऊ. आखाजीले तिले लेवाले उनू.”

मला पहिल्यांदा वाटलं, बहिणीला न्यायला आलेला हा माणूस घर चुकला आहे. मी त्याचं नाव विचारलं. उखा, तो म्हणाला. मी म्हटलं की वहिनींना एकच भाऊ आहे, भास्कर. ते ऐकून तो हसला, भास्करचं नाव माझ्या तोंडून ऐकून त्याला बरंच वाटलं असावं. म्हणाला, भास्कर धाकटा, त्यानेच मला पाठवलं. मग ते स्वतः का नाही आले, मी विचारलं. त्यावर त्याने खाली बघितलं, पायाच्या अंगठ्याने माती उकरली, आणि त्याला काम आहे म्हणाला. चिठ्ठी आहे का? चिठ्ठी नव्हती.

मी दाराची कडी धरून उभी होते. माझ्या डोक्यात सगळं फार स्वच्छ होतं. पत्रात भास्कर स्वतः येतो असं लिहिलं होतं, नाना म्हणाले होते भावाने स्वतः यावं, आणि हा माणूस भाऊ नव्हता. रानातला कुणी सालदार, शेतावर राबणारा. मी किंमत घालून पाहिली होती आणि ती जुळत नव्हती. मी म्हटलं, आमच्याकडे असं कुणाबरोबर पाठवत नाहीत.

तो चिडला नाही. “तिले एकदाव बलाव,” तो म्हणाला. “ती माले वळखी.”

शेजारची गच्ची म्हणजे चौदा पायऱ्या. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पण सगळ्या गल्लीच्या बायकांपुढे जायचं, आणि त्या सगळ्या माना वर करून बघत असताना तिला सांगायचं की तुझं मूळ आलं आहे, आणि मग ते खोटं निघायचं. मला ते करवेना. मी म्हटलं, त्या घरी नाहीत.

गावाला गेली का, त्याने विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. बोलण्यापेक्षा मान हलवणं मला नेहमीच सोपं होतं.

त्याने पाणी मागितलं. मी आतून तांब्या आणला. त्याने ओंजळ धरली आणि मी वरून पाणी ओतलं, तसंच करायचं असतं हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पिऊन झाल्यावर त्याने ओले हात तोंडावरून फिरवले, घराकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि गेला. मी परत पाटाजवळ बसले. सदतिसाव्या उदाहरणातल्या एका किमतीवर काट मारली आणि बाजूला मिसनी शिकवलं होतं तसं इंग्रजीत लिहिलं, नाकारली.

बायका खाली आल्या तेव्हा मी काही बोलले नाही. वहिनीच्या कोपरापर्यंत पीठ होतं, चेहरा उन्हाने लाल झाला होता, आणि ती गल्लीतल्या सगळ्यांना सांगून आली होती की दोन दिवसांत माझा भाऊ येतोय. तिला उगाच कशाला धास्ती लावायची, भास्कर तर येणारच आहे, असं मी स्वतःला समजावलं. रात्री नानांनाही सांगितलं नाही.

भास्कर आला नाही. आखाजीच्या दिवशी वहिनीने खापर पालथं घालून मांडे केले, हातावर फिरवून फिरवून कोपरापर्यंत मोठे केलेले, एकही न फाटता. आमरस झाला, पितरांची घागर पुजून झाली. गल्लीच्या टोकाला कडुनिंबाला झोके बांधले होते, आणि ज्यांचं माहेर आमची गल्ली त्या मुली तिथे होत्या. त्यांच्या गाण्याचे आवाज दिवसभर आत येत होते. आई म्हणाली, जा गं थोडा वेळ. ती म्हणाली, मी इथली सून आहे, मी तिथे कशी बसू? संध्याकाळी तिने कापसातल्या बांगड्या काढून बघितल्या आणि परत ठेवल्या. मी खिडकीखाली होते. तिला वाटलं मी वाचतेय.

आठ-नऊ दिवसांनी कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. ओट्यावर पोस्टमनच्या हातात ते दिसलं तेव्हाच वहिनी आतून दोन पावलं पुढे आली आणि चौकटीला धरून खाली बसली. कोपरा फाडलेल्या पत्रात काय असतं ते वाचावं लागत नाही. तिची माय आखाजीनंतर दुसऱ्या दिवशी गेली होती.

घरात जे व्हायचं ते झालं. शेजारच्या बायका आल्या, गेल्या. वहिनी मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली. शनिवार होता, दिवेलागणीला दादा आला. तेव्हा नानांनी त्याच्यासाठी कार्ड पुन्हा सबंध वाचलं, आणि दुपारी कुणाच्या नीट ध्यानात न आलेल्या खालच्या ओळी त्या वेळी सगळ्यांनी ऐकल्या. आई फार आजारी असल्याने मला तिच्याजवळून हलता आले नाही. उखास पाठविले होते. तो परत येऊन म्हणाला, घरास कुलूप होते, सर्व मंडळी देवदर्शनास गेली आहेत असे शेजाऱ्यांनी सांगितले. लेक सासरच्या माणसांबरोबर देवदर्शनास गेली हे ऐकून आईस फार समाधान वाटले.

नानांनी कार्ड खाली ठेवलं. कुलूप कुठलं, ते म्हणाले. आपण कुठे गेलो होतो? घर कधी बंद होतं? मग त्यांचा आवाज चढला. हा माणूस आलाच नाही, वाटेतूनच फिरला, आणि मरणाऱ्या बाईला थाप मारली. आजारपणाचा निरोप मिळाला असता तर मी सुनेला त्याच दिवशी पाठवली असती. मी उद्याच भास्करला लिहितो, असला माणूस दारात उभा करू नकोस म्हणून.

वहिनी उठून बसली. नानांसमोर ती कधी बोलत नसे. “उखाभाऊ खोटं बोलत नाही,” ती म्हणाली. “आमचा सालदार, पण त्याने मला वाढवलंय. तो आलाच असणार.”

“मग कुलूप कुठून आलं?” नाना म्हणाले.

कुणालाच काही कळलं नसतं. हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. मी फक्त नेहमीसारखं गप्प बसायचं होतं. त्या माणसाने पिंपळनेरपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी ठरवलं होतं की म्हातारीला, तू पाठवलेलं मूळ सासरच्यांनी दारातून परत लावलं, हे सांगायचं नाही. माझ्या एका हललेल्या मानेतून त्याने देवदर्शन उभं केलं, दाराला कुलूप लावलं, आणि सगळ्यांची अब्रू राखली. माझीसुद्धा. आणि आता त्याचंच काम जाणार होतं, त्याच्यावरच थापाड्याचा शिक्का बसणार होता.

मी म्हटलं, तो आला होता. मग सगळं सांगितलं. तुम्ही गच्चीवर होता. मी नाव विचारलं, चिठ्ठी विचारली. मी म्हटलं एकच भाऊ आहे. मी म्हटलं घरी नाहीत.

आई ‘अगं बाई’ म्हणून थांबली. नाना काही बोलतील म्हणून मी वाट बघत होते, पण ते माझ्याकडे बघतही नव्हते. वहिनी गुडघ्यांवर सरकत माझ्या अगदी जवळ आली. मला वाटलं ती मारेल, आणि तिने मारावं असंच वाटत होतं.

“काय म्हनना तो?” तिने विचारलं.

मी म्हटलं, तो म्हणाला, मी तिचा भाऊ आहे, तिला आखाजीला न्यायला आलोय.

“तसं नही. तो बोलना तसं सांग.”

मला ती भाषा समजायची, पण मी ती कधी तोंडातून काढली नव्हती. नाना समोर होते. मी सुरुवात केली. “मनी बहीन आठेच शे ना? मी तिना भाऊ. आखाजीले तिले लेवाले आलो.”

“उनू,” नाना म्हणाले. अगदी हलक्या आवाजात, जमिनीकडे बघत. “लेवाले उनू, असं म्हनस तो.”

मी परत म्हटलं, लेवाले उनू. वहिनीने डोळे मिटून ऐकलं. “आखो सांग,” म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मग तो शेवटी जे म्हणाला तेही सांगितलं, ती माले वळखी. तेव्हा ती रडली. दुपारपासून जे रडणं झालं होतं ते सगळ्यांबरोबरचं होतं, हे तिचं एकटीचं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा तिला पिंपळनेरला घेऊन गेला. नानांनी भास्करला पत्र लिहिलं, ते मला वाचायला दिलं नाही. पण पाकीट चिकटवताना आईला म्हणाले की चूक पोरीची नाही, अट माझी होती. वहिनी दिवस झाल्यावर परत आली. मला कधी काही बोलली नाही, टाकूनही बोलली नाही, माझं जेवण पूर्वीसारखंच वाढत राहिली. दुपारी मात्र खिडकीपाशी यायची थांबली. उरलेली तेरा उदाहरणं मी एकटीने सोडवली.

पुढे मी शिक्षिका झाले, धुळ्यालाच मुलींच्या शाळेत बरीच वर्षं बीजगणित शिकवलं. हा धडा आला की मी पडताळ्याच्या पायरीवर मुलींना फार वेळ थांबवायची. दोन ओळींचं काम, बाई त्याला तास लावतात, म्हणून मुली कंटाळायच्या. फळ्याकडे तोंड करून मी उभी असायची आणि मला सूर्यप्रकाशात पायरीखाली उभे असलेले दोन पाय दिसायचे. मुलींना मी काहीच सांगितलं नाही. ज्या ओळीला विचारायचं असतं तिलाच विचारा, एवढंच सांगायची.

पण त्याआधी, वहिनीची माय गेली त्याच्या पुढच्या वर्षी, आखाजीच्या महिनाभर आधी नानांनी आपणहून पिंपळनेरला लिहिलं, उखाला पाठवा. मी सुटीला आलेच होते. तो आला तेव्हा नाना ओट्यावर उभे होते. त्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं, सतरंजीवर बसवलं, आणि आमच्या पंक्तीला जेवायला घेतलं. दोघं अहिराणीत बोलत होते, पांझरेच्या पाण्याबद्दल, बैलांबद्दल, आणि नानांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी वाढत होते. उखाभाऊने मला ओळखलं असणार, पण ओळख दाखवली नाही. भाकरी नको म्हणताना मात्र पानावर दोन्ही हात आडवे धरून माझ्याकडे बघून हसला. वहिनीला महिनाभर राहायची मोकळीक होती. सगळं खरं होतं, माणूस खरा, निरोप खरा, कुणी काही पडताळायचं उरलं नव्हतं. ती त्याच्यामागून गल्लीच्या टोकापर्यंत जाताना मी दारातून बघितली. जुनंच लुगडं नेसली होती.

चौथ्या दिवशी ती परत आली. उखाभाऊच सोडायला आला होता. आईने दारातच विचारलं, अगं, इतक्यात कशी आलीस, काही झालं का तिकडे?

काही नाही, ती म्हणाली. उखाभाऊने झोका बांधला होता, पहिल्या दिवशी खूप वेळ खेळले. दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं, तरी झोका घेतच राहिले. कुणी जेवायला बोलवेचना.

मग पेटी तिथेच ठेवून ती पाय धुवायला मोरीकडे गेली.